भिंगरीचा वेग

१

गल्लीत त्याला सगळे बत्तिशी म्हणत. धंदाच तसा होता. लोकांच्या कवळ्या बनवायच्या, मेणात माप घ्यायचं, प्लास्टर ओतायचं आणि सासूच्या तोंडात बसेल असा जबडा सुनेच्या हातात द्यायचा. तोंडावर कुणी बत्तिशी म्हटलं तरी त्याला राग येत नसे. लोकांची तोंडं चालली नाहीत तर त्याचं पोट कसं चालणार?

शेहेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरनं त्याला रोज चालायला सांगितलं, तर हा पळत सुटला. अर्धवट ऐकायची खोड लग्नापासूनची, असं बायकोचं म्हणणं. ती पोस्टात हेडक्लार्क. घरातही तिच्या बोलण्यावर शिक्का मारलेला असायचा.

पळायला सोबत म्हणून भिंगरी आली. तपकिरी, लांब पायांची, चार वर्षांची कुत्री. कुणीतरी तिला जनावरांच्या दवाखान्याच्या फाटकाला बांधून गेलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ती याच्या गळ्यात मारली आणि याच्या कमरेला बांधली गेली. खरोखरच बांधली गेली. अशा पळण्यात माणसाच्या कमरेला रुंद पट्टा असतो, कुत्र्याच्या छातीला दुसरा, आणि मधे दोन मीटरची ताणणारी दोरी. पट्ट्याला एक कडी असते. पडलात, फरपटत निघालात, तर कडीची पट्टी ओढायची. एका झटक्यात तुम्ही मोकळे आणि कुत्रं मोकळं. कोण कुणाला फिरवतं हे मात्र विचारायचं नाही.

आणखी एक नियम. मागं बघायचं नाही. पुढं चार पायांचं इंजिन ओढतंय, खाली दगड आहेत, आणि तुम्ही मान वळवलीत की दात गेलेच. बत्तिशीचे पुढचे दोन असेच गेले होते. नवे त्यानं स्वतःच बनवले, मूळच्यापेक्षा सरळ, आणि वर्षभर विनाकारण हसत हिंडला.

रस्ता ठरलेला. गावामागचा डोंगर, झाडीतून चढ, मग बंद पडलेली दगडाची खाण, तिथं एक वळण, आणि वळणानंतर किलोमीटरभर कड्याला चिकटलेली पाऊलवाट. एका हाताला खडक, दुसऱ्या हाताला काही नाही. वाट खिंडीत संपते. खिंडीत दोन घोट पाणी प्यायचं आणि आल्या वाटेनं परत.

चार वर्षं भिंगरी या वाटेवर प्रत्येक दगडाला नाक लावत गेली. मग एका सकाळी खाणीचं वळण घेतल्याबरोबर तिनं कान पाडले, शेपूट पोटाखाली घातली आणि अशी सुटली, की बत्तिशीचे पाय जमिनीला सवडीनुसार लागत होते. खिंडीत त्यानं घड्याळ बघितलं. चार मिनिटं कमी.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. याची छाती फुगली. कवळ्यांच्या कारखान्यात, बायकोपाशी, तोंडात मेण धरून बसलेल्या बिचाऱ्या म्हाताऱ्यांपाशीसुद्धा त्यानं सांगून झालं, की सरावानं कुत्रीला कसा वेग आलाय. म्हातारे बोलू शकत नव्हते, म्हणून ऐकत होते.

शेपूट पोटाखाली घालून पळणाऱ्या कुत्र्याला वेग आला म्हणायचं, म्हणजे घराला आग लागल्यावर छान ऊब आली म्हणायचं. पण माणसाला बढाई मारायची असली की शेपूट दिसत नाही.

२

बढाई ऐकून ऐकून मेहुणा कावला. हा बायकोचा धाकटा भाऊ, व्यायामशाळेत लोकांकडून वजनं उचलून घ्यायचा. दंड असे की शर्टाच्या बाह्या बिचाऱ्या श्वास रोखून असत. तो म्हणाला, दाजी, मी येतो, बघू तुमची आगगाडी.

अरुंद वाटेवर दोघं पळताना एक रीत असते. पुढच्याला मागं बघता येत नाही, म्हणून तो अधूनमधून विचारतो, “आहेस का?” मागचा म्हणतो, “आहे.” बस, एवढंच. दम राखायचा असतो.

खाणीचं वळण आलं. भिंगरीनं कान पाडले. बत्तिशीनं विचारलं. मागून आलं, “आहे.”

शंभर पावलांवर पुन्हा विचारलं, पुन्हा “आहे.” मेहुण्याचा दम चांगला आहे, त्याच्या मनात आलं. आवाज तर धापेचा वाटतच नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा “आहे” इतकं जवळून आलं की त्याला जरा चीडच आली. अंतर ठेवून पळायची शिस्त नको का? अशा वेड्यासारख्या ओढणाऱ्या कुत्रीमागं एवढं चिकटून कोण पळतं?

खिंडीत तो थांबला आणि हसत वळला. वाट रिकामी होती. किलोमीटरभर सरळ दिसत होती आणि तिच्यावर कुणी नव्हतं.

मेहुणा सापडला खाणीच्या वळणाच्या अलीकडं, एका धोंड्यावर, घोटा धरून. वळणाआधीच पाय मुरगळला होता. त्यानं दोनदा हाक मारली होती, पण दाजी आपले ढगात. बत्तिशीनं त्याला विचारलं, की मग आहे आहे कोण म्हणत होतं. मेहुणा म्हणाला, की तो एकच शब्द म्हणत होता, आणि तो दाजींसमोर म्हणण्यासारखा नव्हता.

घरी येईपर्यंत बत्तिशीनं त्याचा उलगडा केलेला होता. कड्यावरून आवाज परत येतो. झालं. शाळा फारशी झाली नसली तरी एवढं विज्ञान त्याला येत होतं. आता “आहेस का” ओरडल्यावर कड्यानं “आहेस का” परत द्यायला हवं, “आहे” नाही, हे त्याला जेवताना सुचलं. त्यानं पाण्याचा घोट घेतला आणि तो विचार घासाबरोबर खाली ढकलला.

३

नंतरच्या आठवड्यात एकदा कड्यावर त्याला मानेपाशी हलका हिसका बसला. पाठीवर पळायची पिशवी होती, तिच्यात पाणी डुचमळतं, म्हणून त्यानं लक्ष दिलं नाही. भिंगरी मात्र त्या हिसक्याबरोबर अशी किंचाळली, जणू दोरीतून तो तिच्यापर्यंत पोचला.

घरी येऊन त्यानं पिशवी खुंटीला लावली आणि अंघोळीला गेला. बाहेर येऊन बघतो तर मानेजवळचं जाड प्लॅस्टिकचं बक्कल चावून चेपलेलं. खाली फरशीवर भिंगरी पडलेली, जीभ बाहेर.

पिशवी महागाची होती आणि बत्तिशीचं डोकं स्वस्त. त्यानं कमरेचा तोच पट्टा दुहेरी करून तिला झोडपली. पाठीवर, मांडीवर, एकदा तोंडावर. ती ओरडली नाही. पळालीही नाही. फक्त दर फटक्याला त्याच्या खांद्यावरून त्याच्या मागच्या भिंतीकडं बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं बूट उचलले, आणि ती दारात आडवी उभी राहिली. अंगावरचा केस न् केस ताठ. तो म्हणाला, सरक. ती सरकली नाही. त्यानं पायानं ढकललं, आणि तिनं त्याची मांडी धरली.

चावणं वेगळं आणि धरणं वेगळं. चावलेलं कुत्रं सोडतं. भिंगरीनं दात रुतवले आणि तशीच त्याला मागं ओढू लागली, दारापासून आत, फरशीवर रक्ताचा पट्टा काढत. त्यानं दाराआडची लोखंडी कांब घेतली आणि तिच्या बरगड्यांवर हाणली. आतून काहीतरी वाळक्या फांदीसारखं मोडलेलं ऐकू आलं. तरी ती सोडेना. बायको धावत आली, दोन्ही हातांनी जबडा उघडायला गेली, तर तिचं मनगट फाटलं. शेवटी घरात बादलीभर पाणी, तांब्याभर रक्त आणि तीन जीव एकमेकांपासून लांब, तीन कोपऱ्यांत, धापा टाकत.

मांडीला अकरा टाके पडले, बायकोच्या मनगटाला चार. डॉक्टरीणबाईंनी भिंगरीला तपासलं आणि सांगितलं, दहा दिवस परसात बांधून ठेवा, पिसाळली नसेल तर जगेल. बायको म्हणाली, जगली तरी आता नको. तिनं हे कोरड्या डोळ्यांनी म्हटलं आणि मग मोरीत नळ सोडून बराच वेळ आत राहिली. रोज रात्री पोळीचा शेवटचा तुकडा भिंगरीला तीच देत आली होती.

दवाखान्याचा कागद आला. अकराव्या दिवशी, अकरा वाजता, कायमचं झोपवायचं इंजेक्शन. बायकोनं सही केली. नवव्या दिवशी बत्तिशीनंही केली.

४

दहाव्या दिवशी कारखान्यात काम नव्हतं, म्हणून तो पिशवीचं बक्कल बदलायला बसला. जुनं काढलं आणि सवयीनं भिंगाखाली धरलं.

लोक हात बघून भविष्य सांगतात, हा दातांच्या खुणा बघून माणूस सांगायचा. कुत्र्याचे सुळे भोक पाडतात. इथं भोक नव्हतं. सपाट कडांचे, शेजारी शेजारी बसलेले ठसे होते. त्यानं मेण गरम केलं, ठशांवर दाबलं, वर प्लास्टर ओतलं, आणि ते घट्ट होईपर्यंत टेबलावर बोटं वाजवत बसला.

साचा उघडला. रुंद, गोल कमान. माणसाची.

त्यानं मोजायला सुरुवात केली. माणसाला वरच्या जबड्यात दात सोळा, तेही अक्कलदाढा धरून. कुत्र्याला वीस. हे चोवीस होते. पुन्हा मोजले. पेन्सिलीनं एकेकावर टिंब करत मोजले. चोवीस. आणि सगळे पुढचे. दाढ एकही नाही.

मग त्याला खुंटी आठवली. पिशवीची खुंटी त्याच्या डोक्याच्या उंचीवर होती. भिंगरी तिथं पोचलीच नसती. आणि डोंगरावर ती दोरीच्या दुसऱ्या टोकाला असते, त्याच्या पुढं, दोन मीटरवर. त्याच्या मानेशी यायला तिला वाटच नाही.

तो साचा घेऊन डॉक्टरीणबाईंकडं गेला. त्या चष्मा वर करून हसल्या. म्हणाल्या, “बत्तिशीभाऊ, कुत्रीला वाचवायला तुम्ही देवमाशाचीसुद्धा कवळी कराल.” बायकोनं साचा हातात घेतला, नीट बघितला आणि परत दिला. तुम्ही बनवलाय, एवढंच म्हणाली. आता त्याच्या हातचं काम तिनं वीस वर्षं बघितलेलं, तिला तरी काय दोष द्यावा.

रात्री त्यानं थोरल्या बहिणीला फोन केला. ती डोंगरापलीकडं राहायची, खिंडीच्या अगदी खाली, हिरव्या पत्र्याच्या घरात. सगळं नाही सांगितलं. कुत्री चावते आणि तिला मारणार आहेत, एवढंच. ताई म्हणाली, घेऊन ये, माझ्याकडं चावण्यासारखे पाहुणे पुष्कळ येतात.

५

गाडीची किल्ली बायकोच्या पर्समध्ये. बसवाला कुत्रं घेत नाही. रस्त्यानं एकवीस किलोमीटर, डोंगरावरून पाच. टाके काढलेली मांडी एकवीस चालणार नव्हती. सकाळी आठ वाजता, लख्ख उन्हात, तो भिंगरीला कमरेला बांधून मागच्या दारानं निघाला. दिवसाढवळ्या काय होतंय, त्यानं स्वतःला समजावलं. रात्रीच्या भीतीला निदान अंधार तरी असतो. उन्हातल्या भीतीला काय आधार?

भिंगरी बरगडी सांभाळत तिरकी चालत होती. मार खाल्लेला, मार देणारा, दोघं एका दोरीत. खाणीपाशी ती थांबली. तिनं त्याच्याकडं बघितलं, मग वळणाकडं, आणि मग कान पाडून ओढायला लागली. पण आज त्याला पळता येत नव्हतं. त्याचा एक पाय पडायचा, दुसरा घासायचा. टप, खरर. टप, खरर.

पन्नास पावलांवर त्याच्या लक्षात आलं, की मागूनही टप, खरर येतंय.

आवाज परत येतो, तो म्हणाला. मोठ्यानं म्हणाला. आणि खात्री करायला थांबला.

टप. खरर. मग शांत.

एक पाऊल जास्तीचं.

भिंगरी दोरीच्या टोकाशी थरथरत होती. पंजे दगडावर घासून रक्ताळले होते. तो पुन्हा चालू लागला, जमेल तितकं भरभर, मांडीतून ऊब खाली पोटरीपर्यंत उतरत होती, ती कसली हे बघायची गरज नव्हती. खिंड दिसत होती. तीनशे पावलं. अडीचशे. त्यानं काही विचारलं नव्हतं. तोंडातून शब्द काढला नव्हता.

“आहे,” मानेमागून कुणीतरी म्हणालं.

श्वास नव्हता त्यात. शब्द होता, वारा नव्हता.

आणि भिंगरी वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिनं पळणं सोडलं. कान उभे, ओठ वर, सगळे बेचाळीस दात बाहेर. ती त्याच्या बाजूनं मागं झेपावली. दोरी कमरेला पीळ देत गेली आणि तिनं त्याला भोवऱ्यासारखं गर्रकन फिरवलं.

मागं बघायचं नाही, पण आता मागंच पुढं होतं.

माणूस होता. पाठमोरा. ओली मान, ओले केस, झुकलेले खांदे, पाठच पाठ. पाठमोरा होता आणि जवळ येत होता. मग मानेच्या वर, केसांत, काहीतरी उघडलं.

६

पुढचं त्याला तुकड्यातुकड्यांत दिसलं. भिंगरीनं त्या पाठमोऱ्याची पोटरी धरली आणि काहीतरी ओल्या कापडासारखं फाटलं. मग ती उचलली गेली आणि खडकावर आपटली. दोरीनं त्यालाही गुडघ्यांवर आणलं. ती उठली, पुन्हा घुसली, पुन्हा आपटली. दुसऱ्यांदा तिचा एक कान खडकालाच राहिला.

मग ते कड्याच्या धारेकडं सरकू लागलं, तिला जबड्यात घेऊन, आणि ती गेली तशी दोरी, आणि दोरीमागं हा, छातीवर फरपटत. खाली काही नाही तिथून वारा वर येत होता.

हात आपोआप कडीवर गेला. एक झटका. तो मोकळा झाला असता. कुत्रीलाच मोकळं केलं, असं नंतर सगळ्यांना सांगता आलं असतं, आणि लोकांनी मान डोलावली असती. स्वतःशी खोटं बोलण्यात आपण कुणाला हार जात नाही. पण भिंगरीचा एक डोळा त्याच्याकडं होता, आणि त्या डोळ्यात ओढ नव्हती. ती त्याला बोलावत नव्हती. जा, असंच म्हणत होती. त्यानं मारलेली, त्यानं सही केलेली कुत्री.

त्यानं कडीची पट्टी ओढली नाही. हातात येईल तो धोंडा घेतला आणि गुडघ्यांवर उठून केसांतल्या त्या उघड्या जागेत घातला. आत दात होते. मोडताना त्यांचा आवाज झाला. तो आवाज तो रोज ऐकायचा, कारखान्यात, फसलेली कवळी टोपलीत टाकताना. त्यानं पुन्हा घातला. पुन्हा. तिसऱ्या वेळी धोंड्याबरोबर हातही आत गेला आणि दोन बोटं परत आली नाहीत. चौथ्यांदा त्यानं डाव्या हातानं घातला. शिव्या देत, रडत, हसत, कसंही.

मग धोंडा दगडावर आपटला. नुसत्या दगडावर.

ते पडलं नाही, पळालं नाही. तिथं नव्हतं. वाटेवर रक्त होतं, पण मोजलं तर दोघांपुरतंच.

७

खिंडीपर्यंत त्यानं भिंगरीला छातीशी धरून नेलं. शर्ट फाडून हात गुंडाळला. पलीकडं खाली हिरवा पत्रा दिसत होता. अंगणात ताई दोरीवर कपडे टाकत होती, बोटभर दिसणारी. त्यानं डावा हात हलवला. तिनं चादर हलवली. आता काय, वीस मिनिटांचा उतार.

पण भिंगरी उतरेना. त्यानं खाली ठेवल्याबरोबर ती कड्याच्या वाटेकडं तोंड करून बसली आणि हलली नाही. त्यानं पुचकारलं, विनवलं, हात जोडले. ती डोळे मिटत नव्हती. रक्त पापणीवरून ओघळत होतं तरी मिटत नव्हती. मग त्याला कळलं. ती बघतेय तोवर वाट रिकामी आहे. तिनं पाठ फिरवली की नाही.

तो तिच्याशेजारी बसला आणि तिच्याबरोबर बघायला लागला. चार वर्षं दोघं एका वाटेवर पळाले होते, एका वाटेवर बसायला काय हरकत. ऊन चढत होतं. दोरी दोघांमधे सैल पडली होती.

तेवढ्यात मागून, उताराच्या बाजूनं, पावलं वाजली. चपला. सावकाश चढणाऱ्या बाईच्या.

“काय रे, असा काय बसलायस भुतासारखा?” ताईचाच आवाज. “वाट बघून बघून मीच आले.”

एवढ्या लवकर? आत्ता तर अंगणात होती. पण वेळेचं काय, शुद्ध हरपली असेल मधे, एवढं रक्त गेल्यावर हरपतेच. भिंगरीकडं बघावं तर ती वळायला तयार नाही. तिला तिची बाजू सोडता येत नव्हती. ही बाजू त्याची होती.

तो कण्हत फिरला, आपली पाठ तिच्या मोडक्या बरगड्यांना टेकवली. ती कड्याच्या वाटेकडं बघत होती, तो उताराकडं.

ताई चढत होती. करड्या केसांचा अंबाडा, त्यात काळी पिन, ओळखीचा निळा झगा. अंबाडा त्याच्याकडं होता. गुडघे दुखणारी माणसं डोंगर उलटी उतरतात, हे त्याला माहीत होतं. चढतातही असतील. कुणी बघितलंय? ताईचे गुडघे दुखायचेच.

त्यानं डाव्या हातानं धोंडा चाचपला. ती ताई असली तर? आणि नसली तर? दहा पावलं उरली होती. आठ. पाठीला भिंगरीचं काळीज धडधडताना लागत होतं, किंवा त्याचंच असेल.

“ताई,” तो म्हणाला, “तोंड इकडं कर.”

“केलंय की,” ती म्हणाली.